तालीम आणि तास

परगावचा पाहुणा कोल्हापुरात येऊन 'इथं तालीम कुठं आहे?' असं विचारतो, तेव्हा समोरचा माणूस आधी त्याच्या दंडाकडं बघतो, मग पोटाकडं बघतो आणि मग 'कुणाला भेटायचंय?' असं विचारतो. इतर गावांत तालीम म्हणजे नाटकाची. तिथं चहा वेळेवर येतो आणि नायिका उशिरा येते. आमच्याकडं तालीम म्हणजे तांबडी माती, लंगोट, जोर-बैठका आणि पहाटे चारला गदागदा हलवून उठवणारा वस्ताद. शिवाय गल्लीचा गणपती तालमीचा आणि फुटबॉलचा संघही तालमीचाच. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम ही नावं ऐकून पाहुणा मोठ्या उत्साहानं पैलवान बघायला जातो आणि त्याला मैदानावर अकरा पोरं चेंडूमागं धावताना दिसतात.

१९३७ साली वर्ध्याला महात्मा गांधींनी 'नई तालीम' मांडली. पोराला हातानं काहीतरी करायला द्या, त्या कामातूनच त्याला गणित, भाषा, भूगोल शिकवा, असा त्या योजनेचा मतलब. ती बातमी कोल्हापुरात पोचल्यावर आमच्या पेठेतल्या एका बुजुर्गानं म्हणे विचारलं, "नवी तालीम काढताय ते झ्याक झालं, पर वस्ताद कोन?" गोष्ट खरी की खोटी हे अंबाबाई जाणे, पण शिक्षणशास्त्रावरची जी काही पुस्तकं मला नाइलाजानं वाचावी लागली, त्यांत इतका नेमका प्रश्न मला सापडला नाही.

मी पस्तीस वर्षं हायस्कुलात शिकवलं. म्हणजे पस्तीस मिनिटांचा एक तास, असे दिवसाला सहा तास. पस्तीस मिनिटांना तास म्हणणारी शाळा ही जगातली एकमेव संस्था असावी. अशा माणसापुढं निवृत्तीनंतर एक नवा शब्द येऊन शड्डू ठोकून उभा राहिला : 'क्षमताधिष्ठित व्यवसाय प्रशिक्षण'. हा शब्द एका दमात न अडखळता उच्चारणं हीच मुळात एक क्षमता आहे. दाताची कवळी बसवल्यापासून ती माझ्यात राहिलेली नाही. पण शब्द फोडून बघितला तेव्हा आतून साधंच काहीतरी निघालं. माणूस किती वर्षं बाकावर बसला हे विचारू नका. त्याला काय करता येतं ते विचारा, आणि ते करून दाखवायला सांगा. जमलं तर पास. नाही जमलं तर नापास म्हणायचं नाही, 'अजून जमलेलं नाही' म्हणायचं, आणि जमेपर्यंत शिकवायचं.

आता यात नवीन काय आहे? आमच्या लहानपणी पोहायला असंच शिकवत. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि काकानं मागून विहिरीत ढकलून द्यायचं. प्रवेश परीक्षा, अभ्यासक्रम आणि मूल्यमापन हे तिन्ही विधी एकाच ढकलण्यात उरकत. वर आलेला विद्यार्थी उत्तीर्ण. पुढं डबा काढला की पदवीदान.

मात्र हीच विद्या शाळेत शिकवली असती तर काय झालं असतं, याचा मी एक मास्तर म्हणून पुष्कळ विचार केला आहे. पहिल्या सत्रात 'पाण्याचे गुणधर्म' झाले असते. दुसऱ्या सत्रात 'पोहण्याचे फायदे' आणि 'पोहण्याचे प्रकार' (कोणतेही चार, आकृतीसह). वार्षिक परीक्षेत पस्तीस टक्के मिळालेला पोरगा पास झाला असता. आणि पस्तीस टक्के पोहता येणारा पोरगा रंकाळ्यात उतरला असता, तर त्याचे उरलेले पासष्ट टक्के काढायला अग्निशमन दलाला बोलवावं लागलं असतं.

सगळी गोम या पस्तीस टक्क्यांत आहे. पस्तीस टक्के भूगोल येणारा माणूस जगात सुखानं नांदतो. पुष्कळदा मोठ्या खुर्चीवरही बसतो. पण पस्तीस टक्के येणाऱ्या न्हाव्यापुढं तुम्ही मान द्याल का? पस्तीस टक्केवाल्या गवंड्यानं बांधलेल्या घरात वास्तुशांतीचं जेवण गोड लागेल का? शाळेत वेळ ठरलेली असते, शिक्षण कमीजास्त होतं. जूनमध्ये सुरू झालेलं त्रिकोणाचं प्रकरण पोराला कळो न कळो, घंटा झाली की संपतं. तालमीत उलटं. ढाक हा डाव बसला पाहिजे, एवढं ठरलेलं. तो एकाला महिन्यात बसतो, दुसऱ्याला वर्षात. वस्ताद काही 'पोर्शन पूर्ण करायचाय' म्हणून ढाक सोडून कलाजंगाकडं वळत नाही. बेंजामिन ब्लूम नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं १९६८ साली साधारण हेच लिहिलं : पोरांना पुरेसा वेळ आणि हवी ती मदत दिली, तर बहुतेकांना बहुतेक गोष्टी चांगल्या येतात. ब्लूमसाहेब शिकागोला राहण्याऐवजी गंगावेशीत राहिले असते तर त्यांचा पुष्कळ कागद वाचला असता.

आणि परीक्षा म्हणाल तर तालमीसारखी परीक्षा नाही. दोन्ही खांदे मातीला लागले की चितपट. इथं फेरतपासणी नाही, वरून चिकटवलेले गुण नाहीत, 'प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता' अशी तक्रार नाही. आणि निकाल लावणारे परीक्षक खासबागेच्या कडेनं हजारोंनी बसलेले. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, तेव्हा 'आपलं शिक्षण किती?' असं त्यांना कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. विचारणाऱ्याचीही काही एक क्षमता लागते.

तुम्ही म्हणाल, कुस्तीचं ठीक आहे. ती अंगाची विद्या. म्हणून सिनेमाचं उदाहरण देतो. बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मिस्त्री. हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. चित्रकला ते स्वतःच शिकले, शिल्पकला स्वतःच शिकले आणि पुढं सिनेमाचा कॅमेराही त्यांनी कोल्हापुरातच, घरच्या घरी तयार केला. कॅमेरा विकत घेऊन तो बिघडवायला सुद्धा आम्हांला माहितीपुस्तिका लागते. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली आला. त्या कंपनीत प्रवेशअर्ज नव्हता. पडदे रंगवता रंगवता, सामान उचलता उचलता, दिवे धरता धरता माणसं शिकत. दामले, फत्तेलाल, शांताराम ही सगळी त्याच आखाड्यातली. त्यांनी १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात' काढली, १९३३ साली ती पुण्याला नेली, आणि दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम'चा १९३७ साली थेट व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. पुढं प्रभात बंद पडली आणि १९६० साली त्याच जागेत सरकारनं सिनेमा शिकवणारी संस्था सुरू केली. फार चांगली संस्था आहे. तिथून मोठी माणसं निघाली. पण तिच्या बहुतेक अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते. आज दामले आणि फत्तेलाल त्या फाटकाशी आले तर पहारेकरी त्यांना नम्रपणे विचारील, "गुणपत्रिकेची झेरॉक्स आणलीय का?"

इथवर वाचून तुमची अशी समजूत झाली असेल की, हा मास्तर निवृत्त झाल्यावर फितूर झाला; आता शाळा जाळा आणि आखाडे काढा म्हणणार. तसं नाही. तालमीची दुसरी बाजू कोल्हापूरकर परक्याला सहसा सांगत नाहीत. मी सांगतो. वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो, अशी म्हणच आहे. चेला उलटला तर उपयोगी पडावा म्हणून. गॅरेजमध्ये, सराफकट्ट्यावर, सुतारकामात, स्वयंपाकघरात सगळीकडं हा राखून ठेवलेला डाव असतो. आमच्या घरी तांबड्या रश्शाचा मसाला माझ्या आईनं सुनेला शिकवला तो 'अंदाजानं घाल' आणि 'मीठ चवीपुरतं' या दोन सूत्रांवर. तो अंदाज यायला आमच्या सौभाग्यवतींना अकरा वर्षं लागली. तोपर्यंत 'छान झालाय, पण सासूबाईंचा वेगळा' हे प्रमाणपत्र तिला दर रविवारी मिळत असे.

आणि राखलेल्या डावापेक्षाही मोठी अडचण म्हणजे आखाड्यात घेतात कुणाला? सोनाराकडं सोनाराचा पोरगा, लोहाराकडं लोहाराचा. कोल्हापुरी चपलेचंच बघा. कातडं कमावण्यापासून चामड्याच्याच वादीनं शिवण्यापर्यंत सगळी विद्या घराघरात, बापाच्या मांडीला मांडी लावून शिकायची. पण शिकायचं कुणी? ज्या घरात जन्मला त्यानं. आणि त्यानं दुसरं काही शिकायचं नाही, हा त्यातला न लिहिलेला नियम. ज्या विद्येत शिरायला जन्म लागतो आणि बाहेर पडायला परवानगी लागते, तिला नुसतं 'परंपरा' म्हणून ओवाळून चालत नाही.

आमच्या गावाचं भाग्य असं की, हे एका राजाला कळलं होतं. शाहू महाराजांइतकं कुस्तीवर प्रेम करणारा राजा शोधून सापडायचा नाही. खासबागचं मैदान त्यांनी बांधलं, १९१२ साली ते तयार झालं. पण 'पोरं तालमीत घाला, धंद्याला लावा, पोट भरेल' असं म्हणून ते थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया, आजच्यासारखा भिकाऱ्यानंही परत करावा असा नव्हे. मातीत उतरणाऱ्या राजाला फळ्याचं मोल समजलं होतं. वस्ताद डाव राखून ठेवतो. पुस्तक राखून ठेवत नाही. तुमची जात, बाप, पेठ न विचारता ते सगळ्यांना सारखं कंटाळवाणं असतं.

हे सगळं मला एरवी सुचलं नसतं. सुचलं ते आमच्या भाच्यामुळं आणि शेजारच्या मिस्त्रींमुळं.

आमचे शेजारी मिस्त्री हे फौंड्रीतले मोल्डर. कोल्हापूरला अंबाबाई आणि मिसळ एवढंच आहे असं समजणाऱ्यांनी एकदा उद्यमनगरातून, नाहीतर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतून चक्कर मारावी. शेतावरच्या इंजिनापासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत पुष्कळ लोखंड आमच्याकडं वितळतं आणि साच्यात जाऊन बसतं. मिस्त्री चौथीतून शाळा सोडून भट्टीशी आले आणि तीस वर्षं वाळूचे साचे करत राहिले. मूठभर वाळू घ्यायची, दाबायची, मूठ उघडायची, ढेकूळ मधोमध मोडायचं आणि मोडलेल्या कडेकडं बघून 'पानी जास्त हाय' किंवा 'चालंल' असं सांगायचं. डॉक्टर नाडी बघतात तसं. फरक इतकाच की मिस्त्रींचं निदान सहसा चुकत नाही.

आमच्या भाच्याला दहावीत कसेबसे गुण पडले. बहिणीनं डोक्याला हात लावला, भावजींनी आकाशाकडं बघितलं आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून 'आता निदान आयटीआय तरी' असा ठराव केला. या 'निदान' आणि 'तरी' या दोन शब्दांनी आपल्या देशातल्या कारागिरीचं जितकं नुकसान केलं, तितकं इंग्रजांनीही केलं नसेल. पोरानं फौंड्रीमन हा ट्रेड घेतला, वर्षभरात पास झाला आणि शिकाऊ म्हणून मिस्त्रींच्याच हाताखाली येऊन पडला. तिथं त्याला नाव मिळालं 'ए आयटीआय'.

आठ दिवसांनी मिस्त्री माझ्याकडं आले. म्हणाले, "सर, तुमचा भाचा लई हुशार हाय. इच्चारंल त्ये समदं सांगतोय. निस्तं करून दाव म्हनू नगासा."

भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "मामा, मिस्त्रीकाकांना सगळं करता येतं. फक्त का करायचं ते विचारू नका. विचारलं की म्हणतात, तसंच करत्यात."

म्हणजे एकाच फौंड्रीत माझ्या डोळ्यांदेखत शाळा आणि तालीम समोरासमोर उभ्या होत्या, आणि दोघांनी अजून एकमेकांचे हातसुद्धा धरले नव्हते.

त्यातच मिस्त्रींवर एक प्रसंग आला. कारखान्याचं नाव सांगत नाही, पण तिथल्या कागदांवर मिस्त्री 'हेल्पर' होते. काम मोल्डरचं, नवी पोरं शिकवायची, आणि हुद्दा हेल्पर. कारण मोल्डर लिहायला प्रमाणपत्र लागतं आणि मिस्त्रींपाशी चौथीच्या दाखल्यापलीकडं कागद नव्हता. तोही पुराच्या पाण्यात गेलेला. मिस्त्रींनी नवे तयार केलेले दोन पोरगे त्यांच्यापेक्षा जास्त पगार घेऊ लागले, तेव्हा मात्र त्यांना लागलं. ते काही बोलले नाहीत. नुसते एका संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊन बसले आणि बराच वेळ तळहाताकडं बघत राहिले.

मग भाच्यानंच माहिती काढली. २०१५ पासून सरकारच्या कौशल्य विकास योजनेत एक सोय आहे : ज्याला काम येतं पण कागद नाही, त्याचं काम तपासून त्याला कागद द्यायचा. 'पूर्वज्ञानाची मान्यता' असं तिचं भारदस्त नाव. मला तर ही कल्पना फारच आवडली. हीच सोय लग्नाच्या बाबतीत असती, तर माझ्या पिढीतल्या पुष्कळ नवऱ्यांना भांडी घासण्याचं प्रमाणपत्र मिळालं असतं. अर्ज भरायला मास्तर हवा म्हणून मिस्त्री मला घेऊन गेले.

परीक्षा घ्यायला पंचविशीतला एक तरतरीत मुलगा आला होता. हातात टॅब. त्यानं साचा करायला सांगितलं. मिस्त्री खाली बसले, पॅटर्न ठेवला, वाळू चाळली, ठोकली, पॅटर्न अलगद उचलला आणि आतली कड बोटानं सारखी केली. ज्या कौतुकानं गवयाच्या बैठकीत लोक मान हलवतात, त्या कौतुकानं तो मुलगा बघत होता. टॅबवर खुणा करायच्या तो विसरला. मग भानावर येऊन त्यानं भराभर सगळ्या केल्या.

पुढं तोंडी प्रश्न. चार पर्याय, त्यातला एक निवडायचा. मुलगा भला होता. प्रत्येक प्रश्न तो वाचून दाखवत होता.

"काका, वाळूतला ओलावा तपासण्याचं साधन कोणतं?" आणि त्यानं चार यंत्रांची चार नावं वाचली.

मिस्त्रींनी काही न बोलता मूठ वर केली.

"काका, हा पर्याय नाहीये."

"मग घाला की!"

मुलगा हसला, पण ते उत्तर टॅबला पसंत पडलं नाही. तरीही मिस्त्री पास झाले. प्रमाणपत्र आलं, त्यावर फोटो होता आणि पायरीचा आकडाही होता. ही पायरीची भानगड अशी : २०१३ साली सरकारनं देशातल्या सगळ्या कौशल्यांसाठी दहा पायऱ्यांची एक शिडी ठरवली. २०२३ साली तिच्या आठ पायऱ्या केल्या आणि मध्ये काही अर्ध्या पायऱ्याही बसवल्या. अर्ध्या पायरीवर पाऊल कसं ठेवायचं, ही एक वेगळीच क्षमता आहे. पण शिडीमागचा विचार मला पटतो. शाळेच्या वाटेनं आलेला आणि भट्टीच्या वाटेनं आलेला, दोघं एकाच शिडीवर, एकाच पायरीवर उभे राहू शकतात. पूर्वी एकाला शिडी होती आणि दुसऱ्याला नुसती भिंत.

पुढच्या महिन्यात पगारपत्रकातलं 'हेल्पर' जाऊन 'मोल्डर' आलं. पगार किती वाढला हे मी विचारलं नाही. पण मिस्त्रींनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रमाणपत्र काचेत घालून वस्तादाच्या फोटोशेजारी लावलं.

चपलेचं मात्र उलटं झालंय, ते इथं सांगून टाकतो. कोल्हापुरी चपलेला २०१८-१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. म्हणजे चपलेला प्रमाणपत्र मिळालं. ती शिवणाऱ्याकडं कागद असेलच असं नाही. २०२५ च्या जून महिन्यात मिलानमध्ये प्राडा कंपनीनं तशाच घाटाच्या चपला मिरवल्या, तेव्हा सगळ्या देशाला कोल्हापूर आठवलं. मुळात कारागिराच्या हाताला किंमत आहे हे कळायला आपल्याला इटलीचा शेरा लागला. २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत, त्यांत चर्मकारही आहेत. प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं आणि दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन. चाळीस वर्षं आरी चालवलेल्या माणसाला 'प्राथमिक' शिकवायला उभं राहणाऱ्या शिक्षकाची मला मनापासून काळजी वाटते. पण पाचशे रुपये आणि पंधरा हजारांपर्यंतची अवजारं हातात पडत असतील, तर शिष्यही शिक्षकाला सांभाळून घेत असावा.

या सगळ्या नव्या पद्धतीत एक भीती आहे आणि ती कोल्हापूरकराला लगेच कळेल. तिचं नाव नुरा कुस्ती. दोन्ही पैलवान आधी ठरवून लढतात, अंगाला माती लागते, घाम येतो, शेवटी एक जण पडतो. पण कुस्ती झालेली नसते. शाळेतली परीक्षा निदान उघडपणे खोटी असते. पोराला पोहता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, गुण फक्त निबंधाचे असतात. पण 'करून दाखव' म्हणणाऱ्या परीक्षेत जर करून न दाखवताच टॅबवर खुणा झाल्या, तर मग तालमीची अब्रूही गेली आणि शाळेची वहीही गेली. म्हणून परीक्षक कोण हे महत्त्वाचं. आमच्या पेठेतल्या बुजुर्गाचा प्रश्न पुन्हा येतोच : वस्ताद कोण?

त्या पावसाळ्यात फौंड्रीत एक लफडं झालं. ओतलेल्या मालाला भोकं पडू लागली. दहातले चार नग परत. मालक दिवसातून तीनदा खाली येऊन ओरडून जाई. वाळूत पाणी जास्त झालं की तापल्या लोखंडानं त्याची वाफ होते, ती आत अडकते आणि भोकं पडतात, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. त्यांनी पाणी कमी केलं. मूठ दाबून बघितली. मूठ म्हणत होती, सगळं बरोबर आहे. भोकं म्हणत होती, नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच मुठीत आणि मालात भांडण लागलं होतं. मिस्त्रींची भाकरी कमी झाली. नव्यानं मिळालेला हुद्दा जातो की काय, असं त्यांच्या बायकोनं आमच्या घरी येऊन सांगितलं.

चौथ्या दिवशी भाचा भीत भीत म्हणाला, "मिस्त्रीकाका, वाळूचा नवा ट्रक आला तेव्हापासून हे चालू आहे. ही वाळू बारीक आहे. कण बारीक झाले की मधल्या फटी बारीक होतात, हवा जायला वाट राहत नाही. पर्मिएबिलिटी म्हणतात त्याला. आम्हांला फळ्यावरून पाच वेळा लिहून घ्यायला लावलं होतं."

मिस्त्री त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे वाळूचा जीव घुसमटतोय, आसं म्हन की!"

"तसंच."

"मला कवाचं वाटत हुतं, ही वाळू हाताला मऊ लागतीया. पर त्येनं काय हुतंय, ते सांगता येत न्हवतं."

दोघांनी मिळून जुनी जाड वाळू मिसळली, साच्याला सळईनं जास्त भोकं पाडून हवेला वाट दिली. किती मिसळायची हे भाच्याला सांगता आलं नाही. ते मिस्त्रींच्या मुठीनं ठरवलं. का मिसळायची हे मिस्त्रींना सांगता आलं नसतं. ते भाच्याच्या वहीनं सांगितलं. दोन दिवसांत माल साफ निघू लागला. मालक खाली येऊन एकदाच बोलून गेला, तेही हळू. फौंड्रीत त्या दिवसापासून 'ए आयटीआय' ही हाक बंद झाली आणि पोराला त्याच्या नावानं हाका मारू लागले.

हाताला कळतं की काहीतरी चुकतंय. वर्गात कळतं की काय चुकतंय. ज्या गावात दोघं एका भट्टीशी उभे राहतात, तिथलं लोखंड भोकाशिवाय निघतं. शिक्षणाबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते सांगायला मला पस्तीस मिनिटांचा एक तास पुरला असता.

परवा संध्याकाळी मी उद्यमनगरातून येताना फौंड्रीत डोकावलो. भट्टी खाली व्हायच्या बेतात होती. मिस्त्री भाच्याला जवळ उभं करून लॅडलमधल्या लोखंडाकडं बोट दाखवत होते. वरची साय कशी सरकते, रंग पिवळा असताना थांबायचं की ओतायचं, ठिणगी उडाली तर काय समजायचं. तीस वर्षं कुणाला न सांगितलेलं चाललं होतं. भाचा पटापट वहीत लिहीत होता.

मी म्हटलं, "मिस्त्री, वस्तादानं एक डाव राखून ठेवायचा असतो म्हणतात. तुम्ही सगळंच सांगायला लागलात."

"ठेवला आस्ता सर. पर ह्यानं मला त्यो फळ्यावरचा शबुद फुकट दिला की. मग म्या डाव ठिवून काय करू? वर घिऊन जायाचा हाय व्हय?"

आणि भाच्याकडं वळून म्हणाले, "लिवलंस त्ये ब्येस केलंस. आता वही मिटव, आन् करून दाव."